चिंतामणराव देशमुख आणि ठेवीदाराचा पैसा

मध्य प्रदेशाच्या दक्षिण सीमेवर, नागपूरच्या वाटेवर पांढुर्णा व सौंसर ही गावे आहेत. संत्री व कापूस पिकविणाऱ्या या मुलखात मराठी बोलली जाते. हंगाम संपला, की शेतकरी व व्यापारी हाती आलेला पैसा बँकेत ठेवतात. बँकेचे संचालक कोण, भागधारक कोण, याची चौकशी सहसा कोणी करीत नाही. या विश्वासाला कायद्याचा आधार मिळावा म्हणून ज्यांनी परिश्रम घेतले, त्यांत चिंतामणराव देशमुखांचे नाव अग्रभागी आहे. आणि योग असा, की त्यांच्या उमेदीची वर्षे ज्या मध्यप्रांतात गेली, त्याच प्रांतात ही दोन्ही गावे होती.

चिंतामणरावांचा जन्म 14 जानेवारी 1896 रोजी रायगडाच्या परिसरातील नाते या गावी झाला. वडील द्वारकानाथ वकिली करीत. 1912 च्या मॅट्रिक परीक्षेत मुंबई विद्यापीठात ते पहिले आले व संस्कृतची जगन्नाथ शंकरशेट शिष्यवृत्ती त्यांनी मिळविली. पुढे केंब्रिजला निसर्गविज्ञानाचा अभ्यास करून 1918 साली ते आय.सी.एस. परीक्षेतही पहिले आले. त्यानंतर सुमारे 20 वर्षे त्यांनी मध्यप्रांत व वऱ्हाडात सरकारी नोकरी केली. जमीनमहसूल व अर्थ ही दोन्ही खाती हाताळल्यामुळे शेतकऱ्याच्या सातबाऱ्यापासून प्रांताच्या अंदाजपत्रकापर्यंतचा व्यवहार त्यांच्या परिचयाचा झाला.

1939 साली ते रिझर्व्ह बँकेत आले. त्या काळी आपल्याकडे बँकांसाठी स्वतंत्र कायदा नव्हता. कापडगिरणी काय अन् बँक काय, दोहोंनाही 1913 चा कंपनी कायदाच लागू होता. 1936 साली त्या कायद्यात बँकांविषयी काही कलमे घालण्यात आली, परंतु ती अपुरी होती. 1938 साली दक्षिणेतील त्रावणकोर नॅशनल अँड क्विलॉन बँक बुडाली, तेव्हा ही उणीव सर्वांच्या ध्यानी आली.

विद्यार्थिमित्रहो, येथे मूळ प्रश्न नीट समजून घेतला पाहिजे. कंपनी कायद्याचा पाया मर्यादित जबाबदारी हा आहे. कंपनी बुडाली, तर भागधारक आपल्या भागाच्या रकमेपुरताच बुडतो. गिरणीच्या बाबतीत हा न्याय मानवतो, कारण तेथे धोक्यात येणाऱ्या पैशाचा मोठा वाटा भागधारकांचाच असतो. बँकेत मात्र भागधारकांचे भांडवल थोडे आणि ठेवीदारांचा पैसा पुष्कळ. सत्ता भागधारकांच्या व संचालकांच्या हाती, आणि जोखीम मात्र ज्याला सभेत मत नाही त्या ठेवीदाराच्या माथी! कंपनी कायदा हा पेच एकट्याने सोडवू शकत नव्हता.

11 ऑगस्ट 1943 रोजी चिंतामणराव रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर झाले. 1944 च्या ब्रेटन वुड्स परिषदेत त्यांनी भारताची बाजू मांडली. त्याच वर्षी बँकविषयक विधेयक कायदेमंडळात आले. युद्धाच्या वर्षांत नव्या बँका व शाखा भराभर निघाल्या होत्या. विधेयक रेंगाळले, तेव्हा बँकांच्या तपासणीचा अधिकार 1946 साली वटहुकुमाने रिझर्व्ह बँकेला देण्यात आला. अखेर 16 मार्च 1949 रोजी बँकिंग कंपन्यांचा कायदा अमलात आला. परवाना, किमान भांडवल, राखीव निधी, तपासणी आणि संचालकांना दिल्या जाणाऱ्या कर्जांवर निर्बंध ही त्याची मुख्य अंगे होत. या कायद्याने कंपनी कायदा रद्द केला नाही. बँक कंपनी म्हणूनच राहिली, पण तिच्यावर दुसरा, अधिक कडक पहारा बसला. त्याच वर्षी 30 जून रोजी चिंतामणराव गव्हर्नरपदावरून निवृत्त झाले.

1950 साली ते भारताचे अर्थमंत्री झाले. आता कंपनी कायद्याचीच फेररचना त्यांच्याकडे आली. भाभा समितीच्या अहवालानंतर 1953 साली विधेयक मांडले गेले आणि 1 एप्रिल 1956 पासून नवा कंपनी कायदा लागू झाला. अनेक कंपन्या मुठीत ठेवणाऱ्या मॅनेजिंग एजंटांना त्याने लगाम घातला. बँकांना हा कायदा लागू राहील, पण जेथे 1949 च्या कायद्याशी विसंगती येईल तेथे बँकेचा कायदा वरचढ ठरेल, अशी तरतूद त्यात होती. दोन कायद्यांचे नाते असे निश्चित झाले.

त्याच वर्षी चिंतामणरावांनी मंत्रिपद सोडले. मुंबई महाराष्ट्रापासून वेगळी काढण्याचा निर्णय आणि तो घेण्याची रीत त्यांना मान्य नव्हती. बँकेच्या संचालकांकडून उत्तरदायित्वाची अपेक्षा करणाऱ्या या माणसाने मंत्रिमंडळालाही तोच नियम लावला. 1 नोव्हेंबर 1956 च्या राज्यपुनर्रचनेत नागपूर मुंबई राज्यात गेले. पांढुर्णा-सौंसर मध्य प्रदेशातच राहिले.

पुढे ते विद्यापीठ अनुदान मंडळाचे अध्यक्ष व दिल्ली विद्यापीठाचे कुलगुरू झाले. कालिदासाच्या मेघदूताचा त्यांनी मराठीत अनुवाद केला. 2 ऑक्टोबर 1982 रोजी हैदराबाद येथे त्यांचे निधन झाले.

त्यांनी केलेली तजवीज पुरेशी होती काय? नाही, असेच म्हटले पाहिजे. 1960 साली केरळची पलाई सेंट्रल बँक व अकोल्याची लक्ष्मी बँक बुडाली. त्यानंतर दुबळ्या बँकांचे सक्तीने विलीनीकरण करण्याची तरतूद झाली आणि 1962 पासून 1500 रुपयांपर्यंतच्या ठेवींना विमासंरक्षण मिळाले. 2020 साली ही मर्यादा 5 लाखांवर गेली. कंपनी कायदाही 2013 साली नव्याने लिहिला गेला. तथापि या सर्व दुरुस्त्यांच्या मुळाशी 1949 चेच तत्त्व आहे. बँक भागधारकांची असली, तरी तिच्यातील पैसा ठेवीदाराचा आहे. वाणिज्य व कायद्याच्या विद्यार्थ्यांनी कलमांचे क्रमांक पाठ करण्यापूर्वी हे तत्त्व मनात ठसविले, तर चिंतामणरावांच्या चरित्राचा अभ्यास सार्थकी लागेल.