कोमात्सुनाचं नाव ठेवणारा शोगुन

तोक्योत राहणारी भारतीय मंडळी मोठ्या संख्येने भेटतात ती आमच्या फुनाबोरीत आणि शेजारच्या निशी-कसाईत. घरं टीचभर, पण भाजी लावायची हौस दांडगी. कुणी बाल्कनीत कुंड्या ठेवतं, कुणी भाड्याने छोटासा वाफा घेतं. मटार नोव्हेंबरच्या सुरुवातीला पेरायचा. थंडीभर तो जेमतेम वीतभर राहतो, मार्चमध्ये वेल सरसर चढतात आणि एप्रिलअखेरीपासून शेंगा मिळू लागतात. शेंग भरली की लगेच तोडायची, नाहीतर दाणे पिठूळ होतात.

पण तोवरचे सहा महिने खायचं काय? त्याचं इथलं उत्तर म्हणजे कोमात्सुना. दिसायला पालकासारखी, पण मोहरीच्या जवळची पालेभाजी. उन्हाळ्यात महिन्याभरात काढणीला येते, हिवाळ्यात जास्त वेळ घेते, पण गारठ्याने गोड होते. लसणाच्या फोडणीत परतली की भाकरीबरोबर झकास लागते! हिचं नाव आमच्या शेजारच्या कोमात्सुगावा भागावरून पडलं. ते ठेवलं म्हणतात तोकुगावा योशिमुने या आठव्या शोगुनने. टीव्हीवर १९७८ पासून गाजलेल्या मालिकेत पांढऱ्या घोड्यावरून दौडणारा शोगुन तो हाच. खरा योशिमुने मात्र तलवारीपेक्षा धान्याच्या हिशेबात जास्त गुंतलेला होता.

त्याचा जन्म १६८४ चा, आजच्या वाकायामातला. वडील कीइ प्रांताचे सरदार, पण आई साध्या घरची आणि वर मोठे भाऊ. त्यामुळे गादी मिळण्याची आशा जवळजवळ नव्हतीच. १७०५ मध्ये एकाच वर्षात वडील आणि दोन भाऊ गेले आणि विशीतल्या या मुलाच्या हाती कर्जात बुडालेला प्रांत आला. त्याने खर्च आवळला. स्वतः सुती कपडे घालायचा आणि साधंच जेवायचा. १७१६ मध्ये सातवा शोगुन लहानपणीच वारला, त्याला वारस नव्हता. तेव्हा योशिमुनेला एदोला, म्हणजे आजच्या तोक्योला, बोलावून शोगुन करण्यात आलं.

बहिरी ससाण्यांकडून पक्ष्यांची शिकार करवणं हा त्याचा आवडता छंद. त्यासाठी तो आमच्या या नदीकाठच्या पाणथळ भागात यायचा. १७१९ च्या सुमारास अशाच एका फेरीत इथल्या देवळात त्याला गावच्या पालेभाजीचं साधं सूप वाढलं गेलं. ते त्याला फार आवडलं. भाजीला नाव नाही हे कळल्यावर त्याने गावाचंच नाव तिला दिलं, अशी आख्यायिका आहे. काही जण हे श्रेय पाचव्या शोगुनला देतात. पण देवळाच्या परिसरात आजही योशिमुनेचीच गोष्ट सांगतात.

आपल्याकडे बाजीराव पेशवे झाले त्याच १७२० साली योशिमुनेने परदेशी पुस्तकांवरची बंदी सैल केली. ख्रिस्ती धर्माशी संबंध नसलेली शास्त्रीय पुस्तकं देशात येऊ लागली. पुढच्या वर्षी त्याने सामान्य माणसाच्या तक्रारींसाठी पेटी लावली. त्या पेटीत एका वैद्याने गरिबांसाठी दवाखाना काढा अशी सूचना टाकली आणि १७२२ मध्ये कोइशिकावाच्या औषधी बागेत तो सुरूही झाला.

पण याला दुसरी बाजूही आहे. शिवरायांनी रयतेच्या भाजीच्या देठालाही हात लावू नका अशी ताकीद दिली होती, हे आपण लहानपणापासून ऐकत आलो. योशिमुनेला गावची भाजी आवडली खरी, पण खजिना भरण्यासाठी त्याने शेतकऱ्यांवरचा भाताचा सारा वाढवला. तो दहातल्या चार वाट्यांवरून पाचांवर गेला, असं इथल्या इतिहासात शिकवतात. राज्याचा सगळा डोलारा एकट्या तांदळावर उभा होता.

१७३२ मध्ये पश्चिम जपानात किडीने भात फस्त केला. भयंकर दुष्काळ पडला, हजारो माणसं उपासमारीने गेली. पुढच्या वर्षी एदोत चिडलेल्या लोकांनी एका बड्या तांदूळ व्यापाऱ्याचं दुकान फोडलं. मात्र ज्या भागात रताळी लावलेली होती, तिथली माणसं तगली होती. ही गोष्ट योशिमुनेने मनावर घेतली. आओकी कोन्यो या अभ्यासकाकडून त्याने १७३५ मध्ये त्याच कोइशिकावाच्या बागेत रताळ्याची चाचणी लागवड करून घेतली. पुढे पूर्व जपानात रताळं पसरलं आणि नंतरच्या दुष्काळांत त्याने अनेकांना जगवलं.

१७४५ मध्ये योशिमुनेने थोरल्या मुलाकडे कारभार दिला आणि १७५१ मध्ये तो वारला. त्याची समाधी उएनोच्या कानेइजी मंदिरात आहे. कोइशिकावाची बाग आता तोक्यो विद्यापीठाकडे आहे. फुनाबोरीहून शिंजुकू लाइनने जिंबोचो, तिथून मिता लाइनने हाकुसान, की थोडं चालून पोहोचता येतं. रताळ्याच्या लागवडीची आठवण सांगणारा दगड तिथे आहे. मटारावर प्रयोग करून आनुवंशिकतेचे नियम शोधणाऱ्या मेंडेलच्या मठातल्या द्राक्षवेलाचा वंशजही त्याच बागेत वाढतोय.

कोमात्सुगावात आता इमारतींची दाटी आहे, तरी एदोगावा वॉर्डात कोमात्सुना पिकवणारे शेतकरी अजून आहेत. यंदा वाफ्यात मटार पेराल तेव्हा बाजूला तिची एक ओळ टाका. आणि जागा उरलीच, तर उन्हाळ्यात रताळ्याचे चार वेलही लावा. सगळी भिस्त एकाच पिकावर ठेवू नये, हे योशिमुनेला कळलं, पण त्याची किंमत त्याच्या रयतेने मोजली.