धूम्रपानाचा धोका जगाला दाखवणारे सर रिचर्ड डॉल

सिगारेट आणि फुप्फुसाचा कर्करोग यांचा संबंध संख्याशास्त्राच्या आधारे प्रस्थापित करणाऱ्या संशोधकांमध्ये ब्रिटिश वैद्यकतज्ज्ञ सर रिचर्ड डॉल यांचे नाव अग्रभागी आहे.

डॉल यांचा जन्म २८ ऑक्टोबर १९१२ रोजी इंग्लंडमधील हॅम्प्टन येथे एका डॉक्टरांच्या घरी झाला. गणिताची ओढ असूनही त्यांनी लंडनच्या सेंट थॉमस रुग्णालयात वैद्यकीय शिक्षण घेतले. १९३६ मध्ये जॅरो या जहाजबांधणीच्या गावातील बेरोजगार कामगार लंडनपर्यंत पायी निघाले, तेव्हा विद्यार्थिदशेतील डॉल यांनी त्यांना वैद्यकीय मदत केली. गरिबी आणि आजार यांचे नाते त्यांनी असे जवळून पाहिले. दुसऱ्या महायुद्धात त्यांनी लष्करी डॉक्टर म्हणून सेवा बजावली.

इंग्लंड आणि वेल्समध्ये फुप्फुसाच्या कर्करोगाने १९२२ मध्ये ६१२ मृत्यू झाले होते. १९४७ मध्ये ही संख्या ९,२८७ वर गेली. कारणांचा शोध घेण्यासाठी संख्याशास्त्रज्ञ ऑस्टिन ब्रॅडफर्ड हिल यांच्यासह डॉल यांनी लंडनच्या रुग्णालयांतील रुग्णांची पाहणी केली. मोटारींचा धूर किंवा रस्त्यांवरील डांबर यांवर प्रथम संशय होता. पुरावा मात्र सिगारेटकडे निर्देश करत होता. डॉल यांनी स्वतः धूम्रपान सोडले. हे निष्कर्ष १९५० मध्ये प्रसिद्ध झाले.

१९५१ पासून चाळीस हजारांहून अधिक ब्रिटिश डॉक्टरांची नोंद ठेवण्यात आली. सिगारेट कायम ओढत राहणाऱ्यांचे आयुष्य सरासरी १० वर्षांनी घटते आणि पन्नाशीत व्यसन सोडल्यास निम्मा धोका टळतो, असे २००४ च्या अहवालात दिसून आले. रॉचडेल येथील कारखान्यात २० वर्षे ॲस्बेस्टॉसचे काम केलेल्या कामगारांना फुप्फुसाच्या कर्करोगाचा धोका सुमारे दहापट असल्याचे डॉल यांनी १९५५ मध्ये दाखवले. कंपनीचा विरोध असतानाही त्यांनी हा अभ्यास प्रसिद्ध केला.

१९७१ मध्ये त्यांना 'सर' हा किताब मिळाला. २४ जुलै २००५ रोजी ऑक्सफर्ड येथे त्यांचे निधन झाले. एका रसायन कंपनीकडून त्यांनी अनेक वर्षे सल्लागार मानधन घेतल्याचे २००६ मध्ये उघड झाल्याने त्यांच्यावर टीकाही झाली.

डॉल यांच्या इशाऱ्याचा लाभ मात्र सर्वांना सारखा मिळाला नाही. ब्रिटनमधील डॉक्टरांनी धूम्रपान लवकर सोडले. कष्टकरी वर्गात ते दीर्घकाळ टिकले. डॉल यांचे सहकारी रिचर्ड पेटो यांचा सहभाग असलेल्या २००६ च्या अभ्यासानुसार इंग्लंड-वेल्स, पोलंड, अमेरिका आणि कॅनडा येथील मध्यमवयीन पुरुषांमध्ये वरच्या व तळाच्या सामाजिक स्तरांतील मृत्युदराच्या तफावतीपैकी निम्म्याहून अधिक वाटा धूम्रपानाचा होता.

भारतातील ११ लाख घरांवर आधारित, २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासातही पेटो सहभागी होते. विडी किंवा सिगारेट ओढणाऱ्या पुरुषांचे आयुष्य सुमारे ६ वर्षांनी, तर महिलांचे ८ वर्षांनी घटत असल्याचे त्यात आढळले. या मृत्यूंच्या प्रमुख कारणांत क्षयरोग आणि श्वसनविकार होते. क्षयरोग हा प्रामुख्याने गरिबांना ग्रासणारा आजार असल्याने, डॉल यांनी दिलेला इशारा विडी ओढणाऱ्या मजुरापर्यंत पोहोचणे आजही तितकेच निकडीचे आहे.