बडी हॉली : दीड वर्षाची कीर्ती
टेक्सासमधील लबक येथे ७ सप्टेंबर १९३६ रोजी जन्मलेला बडी हॉली आरंभी कंट्री संगीत गात असे. १९५५ मध्ये एल्विस प्रिस्ले लबकला गाऊन गेला आणि या तरुणाची वाट पालटली. नॅशव्हिलमधील पहिली ध्वनिमुद्रणे फसली. परंतु नॉर्मन पेटी यांच्या क्लोव्हिसमधील स्टुडिओत पुन्हा मुद्रित केलेले ‘दॅट्ल बी द डे’ सप्टेंबर १९५७ मध्ये अमेरिकेत अग्रस्थानी पोहोचले. उचकी लागावी तसा शब्द मध्येच तोडण्याची त्याची लकब श्रोत्यांना भावली. देखण्या नायकांच्या त्या मेळ्यात हा चष्मेवाला खरे तर विजोडच होता.

यशाची चाकोरी मात्र त्याला रुचली नाही. ऑक्टोबर १९५८ मध्ये गिटार बाजूला ठेवून न्यूयॉर्कमध्ये तो व्हायोलिनवृंदासह गायला. रॉक अँड रोल गायकाने असे करणे तेव्हा धाडसच होते. त्याच सुमारास व्यवस्थापक पेटींशी बिनसले, पैसे अडकले. नुकताच विवाह झालेला. म्हणून ऐन हिवाळ्यातील दौरा त्याने पत्करला. बसमधील उष्णतायंत्र बिघडले, ड्रमवादकाचे पाय हिमदंशाने बधिरले. अखेर आयोवातील क्लिअर लेकच्या कार्यक्रमानंतर त्याने लहान विमान भाड्याने घेतले. ३ फेब्रुवारी १९५९ रोजी ते शेतात कोसळले. हॉली बावीस वर्षांचा होता. व्हायोलिनच्या साथीतले ‘इट डझन्ट मॅटर एनीमोर’ त्याच वसंतात ब्रिटनमध्ये पहिल्या क्रमांकावर गेले.