अंगणात गेलेली शाळा : ताराबाई मोडक



तीन वर्षांच्या मुलाच्या हाती पेन्सिल देऊन आपण त्याला अक्षरे गिरवायला बसवतो. ते रडले, तर आळशी म्हणतो. आपल्या वणीतही हे घरोघरी दिसते. म्हणून या रविवारी आपण ताराबाई मोडक यांचे जीवन आठवू या.

ताराबाईंचा जन्म १९ एप्रिल १८९२ रोजी मुंबईत झाला. १९१४ साली त्या पदवीधर झाल्या. लग्नानंतर काही वर्षे त्या आपल्या विदर्भात, अमरावतीला राहिल्या. पुढे भावनगरला गिजुभाई बधेका यांच्यासोबत त्यांनी मारिया माँटेसरी यांची पद्धती आपल्याकडच्या मुलांसाठी राबवली. १९२६ साली नूतन बालशिक्षण संघ स्थापन झाला.

मुलाची बुद्धी पायरीपायरीने उमलते, हा त्या कामाचा पाया होता. ज्ञानाची सुरुवात इंद्रियांपासून होते, असे आम्ही सेमिनरीत संत थॉमस अक्वायनस यांच्या तत्त्वज्ञानात शिकलो. बालवाडीत ते डोळ्यांना दिसते. बसक्या वाटीतले पाणी उंच पेल्यात ओतले, की चार-पाच वर्षांच्या मुलाला ते वाढल्यासारखे वाटते. स्वित्झर्लंडचे ज्याँ पियाजे यांनी हे दाखवून दिले. साधारण सातव्या वर्षाच्या सुमारास ही समज येते. तोवर ते मूल 'ढ' नसते. त्याची पायरीच ती असते. म्हणून आधी चिंचोके मोजायचे, मग आकडे लिहायचे.

महागडी साधने खेड्यात परवडणारी नव्हती. १९४५ साली बोर्डीला बालवाडी सुरू करताना ताराबाईंनी शंख-शिंपले, खडे, पाने, बिया हीच साधने केली. अनुताई वाघ त्यांच्या सोबतीला आल्या. १९५७ साली हे काम कोसबाडच्या आदिवासी पाड्यांत गेले. मुले शाळेत येईनात, तेव्हा शाळाच त्यांच्या अंगणात गेली. गुरे राखणाऱ्या मुलांसाठी कुरणात शाळा भरली.

१९६२ साली त्यांना पद्मभूषण मिळाले. ३१ ऑगस्ट १९७३ रोजी त्या निवर्तल्या. १९७५ साली सुरू झालेल्या सरकारी योजनेने अंगणवाडी हा शब्द गावोगावी नेला. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानेही तीन ते आठ वर्षांचा टप्पा वेगळा मानून खेळातून शिकवण्यावर भर दिला आहे.

पालकहो, घाईने एखादे पान लवकर भरेल. पण आपल्याला काही येत नाही, अशी भीती एकदा मनात बसली की ती सहजासहजी जात नाही. आज किती लिहिले, असे मुलाला विचारण्याऐवजी आज हाताने काय केले, असे विचारू या.