पन्नास वर्षांचा वाद्यवृंद

आपल्या मंडळाचा सुवर्णमहोत्सव साजरा होत असताना आम्हांस राहून राहून सातासमुद्रापलीकडील एका वाद्यवृंदाची आठवण होते. तोही एकाच माणसाच्या नेतृत्वाखाली पन्नास वर्षे अखंड चालला. त्या माणसाचे नाव ड्यूक एलिंग्टन. आम्ही संगीताचे जाणकार नव्हे. परंतु नोकरीनिमित्त परगावी एकटे राहत असताना शेजारच्या एका सहकाऱ्याने एला फिट्झजेराल्ड या गायिकेची एक कॅसेट आम्हांस ऐकावयास दिली, आणि तिच्यातील गाण्यांच्या कर्त्याविषयी कुतूहल निर्माण झाले ते कायमचेच.

एडवर्ड केनेडी एलिंग्टन यांचा जन्म २९ एप्रिल १८९९ रोजी वॉशिंग्टन येथे एका कृष्णवर्णीय कुटुंबात झाला. वडील एका गोऱ्या डॉक्टरांच्या घरी खानसामा होते. प्रसंगी राष्ट्राध्यक्षांच्या ‘व्हाइट हाउस’मध्येही ते सेवेस जात. पुढे त्यांनी नौदलाच्या कचेरीत नकाशांच्या प्रती काढण्याची नोकरी केली. आई व वडील दोघेही पियानो वाजवीत. मुलाची ऐटबाज राहणी पाहून सवंगड्यांनी त्याला ‘ड्यूक’, म्हणजे सरदार, ही पदवी देऊन टाकली, आणि जगानेही तीच कायम केली. चित्रकलेच्या शिक्षणासाठी मिळू घातलेली शिष्यवृत्ती नाकारून त्यांनी संगीताची वाट धरली.

१९२३ साली ते न्यूयॉर्कला आले व पुढील वर्षी एका छोट्या वाद्यवृंदाचे प्रमुख झाले. डिसेंबर १९२७ पासून हार्लेम भागातील ‘कॉटन क्लब’मध्ये त्यांचे वादन सुरू झाले. तेथे वाजविणारे कृष्णवर्णीय आणि ऐकणारे मात्र केवळ गोरे, असा दंडक होता. परंतु आकाशवाणीच्या लहरींना असला दंडक लागू नव्हता. तेथील कार्यक्रम घरोघरी पोहोचले आणि एलिंग्टन यांचे नाव देशभर झाले. १९४३ साली न्यूयॉर्कच्या प्रतिष्ठित कार्नेगी सभागृहात त्यांनी आपल्या समाजाचा इतिहास स्वरांतून मांडणारी दीर्घ रचना सादर केली.

त्यांची रचनापद्धती लक्षात घेण्यासारखी आहे. अमुक वाद्यासाठी म्हणून ते लिहीत नसत. अमुक माणसासाठी लिहीत. कोणाचा तुतारीचा आवाज कसा फाटतो, कोणाच्या सॅक्सोफोनचा स्वर कसा लांबतो, हे हेरून त्यालाच शोभेल असा भाग ते बांधीत. त्यामुळे माणसे टिकली. सॅक्सोफोनवादक हॅरी कार्नी १९२७ साली आले ते अखेरपर्यंत राहिले. गावोगावच्या दौऱ्यांत एलिंग्टन बहुधा त्यांच्याच मोटारीत, त्यांच्या शेजारी बसून प्रवास करीत.

१९३९ साली बिली स्ट्रेहॉर्न हे तरुण संगीतकार त्यांना येऊन मिळाले. दोघांचे काम इतके एकरूप झाले की कोणता स्वर कोणाचा हे सांगणे पुष्कळदा कठीण व्हावे. या वाद्यवृंदाची ओळख ठरलेली ‘टेक द ए ट्रेन’ ही धून स्ट्रेहॉर्न यांची. पण सामान्य श्रोता ती एलिंग्टन यांचीच समजत आला. कीर्तीच्या या वाटणीत स्ट्रेहॉर्न यांच्यावर अन्याय झाला, हे नमूद केलेच पाहिजे.

महायुद्धानंतर मोठे वाद्यवृंद एकामागून एक मोडले. खर्च झेपेना. एलिंग्टन यांनी मात्र आपल्या गीतांच्या रॉयल्टीचा पैसा वादकांच्या पगाराकडे वळविला. लिहिलेले लगेच वाजवून ऐकता यावे, याहून मोठी मिळकत त्यांना ठाऊक नव्हती. काही वर्षे दिवस पडतीचे गेले; १९५६ च्या न्यूपोर्ट महोत्सवातील एका रात्रीने ते पालटले.

पुढच्याच वर्षी एला फिट्झजेराल्ड यांनी एलिंग्टन यांच्या गीतांचा संग्रह ध्वनिमुद्रित केला. निर्माते नॉर्मन ग्रान्झ त्या काळी अमेरिकेतील थोर गीतकार-संगीतकारांच्या रचना एलांकडून गाऊन घेत होते. या मालिकेत स्वतः रचनाकारच आपला वाद्यवृंद घेऊन साथीला उभा राहिला, असे याच संग्रहात घडले. वाद्यवृंदाच्या बांधणीची पूर्वतयारी अपुरी होती. बरेचसे ऐन वेळी करावे लागले आणि त्याचा भार स्ट्रेहॉर्न यांनी उचलला. काही ठिकाणी एला शब्द सोडून, आपल्याकडील तराण्याप्रमाणे, निव्वळ अक्षरांवर गातात. तेव्हा त्यांचा कंठही वाद्यवृंदातील एक वाद्य होऊन जातो. एलिंग्टन व स्ट्रेहॉर्न यांनीही एलांचे चार भागांचे स्वरचित्र रचून त्यात घातले. मानवंदना देणाऱ्यालाच उलट मानवंदना मिळाली! या संग्रहाबद्दल एलांना पहिल्या ‘ग्रॅमी’ पुरस्कारांपैकी एक लाभला.

१९६३ साली अमेरिकन सरकारतर्फे एलिंग्टन सहकाऱ्यांसह भारतात आले. दिल्लीत ते आजारी पडले व रुग्णालयात राहिले. तेथेच स्ट्रेहॉर्न यांनी एका साळुंकीची शीळ ऐकली. ती शीळ आणि आग्र्याचा ताजमहाल या दोन्ही आठवणी पुढे १९६७ साली प्रसिद्ध झालेल्या ‘फार ईस्ट सूट’मध्ये स्वररूपाने उतरल्या. त्याच वर्षी स्ट्रेहॉर्न निवर्तले. एलिंग्टन यांनी केवळ त्यांच्याच रचनांची एक तबकडी काढून, थोड्या उशिरा का होईना, ऋण फेडले.

१९६५ साली पुलित्झर पारितोषिकाच्या परीक्षकांनी एलिंग्टन यांच्या खास गौरवाची शिफारस केली. मंडळाने ती फेटाळली. तो गौरव अखेर १९९९ साली, मरणोत्तर, देण्यात आला. परंतु १९६९ साली, सत्तराव्या वाढदिवशी, राष्ट्राध्यक्षांनी त्यांना देशाचे सर्वोच्च नागरी पदक दिले, तेही ‘व्हाइट हाउस’मध्येच. ज्या वास्तूत पित्याने सेवा केली, तेथे पुत्र सन्मानाचा पाहुणा झाला.

२४ मे १९७४ रोजी ते कालवश झाले. अंत्यविधीस दहा हजारांहून अधिक लोक लोटले. एला तेथेही गायल्या. हॅरी कार्नी त्याच वर्षी, काही महिन्यांतच, आपल्या प्रमुखामागून गेले.

सुवर्णमहोत्सवात अध्यक्षांची छायाचित्रे छापली जातात, आणि ती छापलीच पाहिजेत. परंतु प्रत्येक संस्थेत पदरमोड करणारा एखादा एलिंग्टन, मुकाट्याने मोटार हाकणारा कार्नी आणि ज्याचे नाव पत्रिकेत राहून जाते असा एखादा स्ट्रेहॉर्न असतोच. आपल्या मंडळातही तसे आहेत. त्यांचे ऋण ते हयात असतानाच फेडावे, एवढीच आमची विनंती.