आकाशातले एक मिनिट

आमचे शहापूर नागपूर-भंडारा हमरस्त्यावरचे. विमानाशी आमचा संबंध मान वर करून पाहण्यापुरताच. तरी नकाशावर कोलकाता ते नागपूर सरळ रेघ ओढली, तर ती भंडाऱ्याच्या अगदी जवळून जाते. पलीकडे गोंदियाजवळ बिरसीच्या विमानतळावर तरुण मुलेमुली वैमानिक व्हायला शिकतात. त्यांच्या शिक्षणातला एक धडा कळला आणि मला जे. आर. डी. टाटा आठवले.

धडा असा. बाहेर ढग आहेत, काही दिसत नाही आणि धावपट्टी मोकळी नाही. विमान काही एसटीसारखे कडेला उभे करता येत नाही. मग ठरलेल्या ठिकाणावर लांबट घिरट्या घालत थांबायचे. सेकंदाला तीन अंश वळले की अर्धे वळण एका मिनिटात होते. मग एक मिनिट सरळ, पुन्हा अर्धे वळण, पुन्हा एक मिनिट सरळ. 14,000 फुटांपर्यंत असा चार मिनिटांचा फेरा. पण जाताना वारा पाठीशी असेल, तर विमान मिनिटात फार दूर जाते. म्हणून काही सेकंद आधीच वळायचे. वारा समोरून असेल तर काही सेकंद जास्त जायचे. विद्यार्थी सेकंद मोजतो आणि परीक्षक विद्यार्थ्याला. आयुष्यभर बँकेत पैशापैशाचा ताळा जुळवलेल्या माझ्यासारख्याला ही शिस्त लगेच पटली.

जेआरडींचा जन्म 1904 साली पॅरिसचा. बालपणी फ्रान्सच्या किनाऱ्यावर ब्लेरिओ या नामवंत वैमानिकाचे कुटुंब त्यांच्या शेजारी होते. तिथेच विमानाचे वेड लागले. 10 फेब्रुवारी 1929 रोजी भारतात दिलेला पहिला वैमानिक परवाना त्यांच्या हाती आला. 1930 मध्ये भारत आणि इंग्लंड यांच्यातले अंतर एकट्याने उडून कापण्याची आगाखान स्पर्धा झाली. वाटेत इजिप्तमध्ये अ‍ॅस्पी इंजिनियर हा कोवळा स्पर्धक स्पार्क प्लगसाठी अडकून पडलेला भेटला. जेआरडींनी आपल्याजवळचे जादा प्लग त्याला देऊन टाकले. अ‍ॅस्पी जिंकले, जेआरडी काही तासांनी मागे राहिले. हेच अ‍ॅस्पी पुढे हवाईदल प्रमुख झाले.

15 ऑक्टोबर 1932 ला जेआरडींनी कराचीहून अहमदाबादमार्गे मुंबईला टपाल आणले. इंजिन एक, रेडिओ नाही. होकायंत्र, वेग आणि मनगटावरचे घड्याळ यांवरच सारा हिशेब. तरी पहिल्याच वर्षी त्यांच्या टपालसेवेचा वक्तशीरपणा शंभर टक्के नोंदला गेला.

असा घड्याळाचा माणूस 1949 मध्ये मात्र थांबा म्हणाला. सरकारने रात्रीची टपालसेवा काढली. मुंबई, दिल्ली, कलकत्ता, मद्रास इथून विमाने रात्री निघायची, आपल्या नागपुरात एकत्र यायची, थैल्यांची अदलाबदल करून परतायची. योजना देखणी होती. पण रात्रीच्या उड्डाणासाठी जमिनीवरची साधने अपुरी आहेत, असे जेआरडींचे म्हणणे होते. त्यांनी उघड विरोध केला आणि मंत्र्यांचा रोष पत्करला. सेवा सुरू झाली, लोकप्रियही झाली. नागपूरला तिचा अभिमान वाटावा हे रास्तच. पण ज्याने घड्याळावर जीव टाकला, त्यालाच नुसत्या घाईचा धोका कळला होता.

1953 मध्ये त्यांची विमान कंपनी सरकारने घेतली. ते एअर इंडियाचे अध्यक्ष राहिले. 1978 मध्ये तेही पद काढून घेतले गेले. पण 1982 साली, 78 व्या वर्षी, त्या पहिल्या उड्डाणाच्या सुवर्णमहोत्सवाला ते पुन्हा एकटेच कराचीहून मुंबईला उडाले. 1992 मध्ये भारतरत्न मिळाले आणि 29 नोव्हेंबर 1993 रोजी जिनिव्हात ते गेले. एअर इंडिया टाटांकडे परतली ती 27 जानेवारी 2022 ला. ते पाहायला जेआरडी नव्हते.

आपल्या घरातल्या मुलांना आपण सतत पुढे जा, लवकर जा म्हणतो. बिरसीच्या मुलांना मात्र वारा ओळखून नेमके थांबायलाही शिकावे लागते, कारण विमानात मागे बसलेल्यांचा जीव त्या मोजलेल्या मिनिटावर असतो.