देवांची खाती सांभाळणारा कारकून

बँकेत असताना १९८४ साली माझी बदली मुंबईत, फोर्टमधल्या शाखेत झाली. चर्चगेटला उतरायचे आणि फ्लोरा फाउंटनवरून चालत शाखा गाठायची, हा रोजचा शिरस्ता. १८६४ साली उभारलेल्या त्या कारंज्याच्या माथ्यावर एक दगडी स्त्री उभी आहे. वर्षभर मी तिच्या जवळून जात होतो. पण ती कोण, हा प्रश्न काही मला पडला नाही. कोणा गव्हर्नरची बायको असेल, अशी आपली माझी समजूत!

तेव्हा तिथल्या फुटपाथवर जुन्या पुस्तकांचे ढीग असत. एका पगाराच्या दिवशी त्यातून पुठ्ठा सुटलेले एक जाडजूड इंग्रजी पुस्तक घेतले. लोकलमध्ये चाळता चाळता एका पानावर फ्लोरा भेटली. ती निघाली रोमन लोकांची फुलांची देवता आणि पश्चिमेचा वारा झेफिर हा तिचा प्रियकर. दुसऱ्या दिवशी कारंज्यापाशी थांबून मी पहिल्यांदा मान वर करून पाहिले.

पुस्तकाचा लेखक होता थॉमस बुलफिंच. अमेरिकेत ग्रीक-रोमन पुराणकथा म्हटले की पिढ्यानपिढ्या याच पुस्तकाचे नाव घरोघरी निघत आले. असा माणूस विद्यापीठात मोठा प्राध्यापक असणार, असे मी गृहीत धरले होते. पुढे कळले की तो बोस्टनच्या मर्चंट्स बँकेत कारकून होता. तेव्हापासून त्याच्याशी माझे जे नाते जडले, ते आजतागायत.

थॉमसचा जन्म १५ जुलै १७९६ चा. वडील चार्ल्स बुलफिंच हे नामांकित वास्तुशिल्पी. मॅसॅच्युसेट्स राज्याचे बोस्टनमधले स्टेट हाउस ही त्यांचीच निर्मिती. पण व्यवहारात माणूस कच्चा. घरांची एक भव्य रांग बांधण्याच्या योजनेत त्यांनी होते नव्हते ते घालवले आणि थॉमस जन्मला त्याच वर्षी त्यांचे दिवाळे निघाले. १८११ साली तर कर्जापायी त्यांना तुरुंगवास घडला. तेव्हा थॉमस पंधराच्या आसपासचा. ज्या गावात बापाने उभारलेल्या इमारती लोक कौतुकाने पाहत, त्याच गावात बाप कोठडीत. त्या वयाच्या मुलाला काय वाटले असेल, याची थोडीफार कल्पना मला येते. कर्जवसुलीला म्हणून थकबाकीदारांच्या घरी गेल्यावर दाराआडून आमच्याकडे पाहणारी मुले मी पाहिली आहेत.

१८१४ साली थॉमस हार्वर्डमधून पदवीधर झाला. काही काळ शाळेत शिकवले, मग भावाच्या दुकानात काम केले. वडिलांना वॉशिंग्टनला संसदभवनाचे काम मिळाले, तेव्हा कुटुंबाबरोबर तिकडे गेला. १८२५ साली बोस्टनला परतून पुन्हा व्यापारात पडला. कशातच जम बसला नाही. अखेर १८३७ साली, चाळिशी उलटल्यावर, तो बँकेत चिकटला आणि मरेपर्यंत, म्हणजे तीस वर्षे, तिथेच राहिला. लग्न केले नाही. आईवडील होते तोवर त्यांच्याजवळच राहिला.

आपल्याकडे अशा माणसाविषयी नातेवाईक काय बोलतील, हे सांगायला नको. एवढ्या मोठ्या बापाचा मुलगा, हार्वर्डचा पदवीधर, आणि करतो काय, तर कारकुनी! पण बुलफिंचने मनाशी हिशेब पक्का केला असावा. दिवसाचे ठरावीक तास बँकेचे, उरलेले अभ्यासाचे. बोस्टनच्या निसर्ग-अभ्यास मंडळाचे चिटणीसपद त्याने सहा वर्षे सांभाळले. पहिले पुस्तक निघाले १८५३ साली. आणि १८५५ साली, साठीच्या उंबरठ्यावर, आले 'द एज ऑफ फेबल'.

या पुस्तकाची गरज कुणाला होती? त्या काळी अमेरिकेत वाचणारे वाढत होते. दुकानदार वाचत, गिरणीतल्या मुली वाचत, घरातल्या बायका वाचत. पण लॅटिन आणि ग्रीक शिकलेले मूठभर, तेही बहुतेक पुरुष. इंग्रजी कवी मात्र पावलोपावली ग्रीक देवदेवतांची नावे घेणार. मिल्टनमध्ये प्रॉसर्पिना फुले वेचताना भेटते. तिला पाताळाच्या राजाने पळवले, आई सीरिस तिला शोधत रानोमाळ हिंडली, शेवटी तडजोड होऊन मुलगी अर्धे वर्ष पाताळात आणि अर्धे आईजवळ राहू लागली, आणि ती परतते तेव्हा धरती बहरते, हे ठाऊक नसेल तर त्या ओळीतले दुःख वाचकापर्यंत पोचणार कसे? चित्रांचे आणि पुतळ्यांचेही तेच. कोश होते, पण अडले की कोश उघडायचा, यात वाचनाची गोडीच जाते.

बुलफिंचने कोश लिहिला नाही, गोष्टी सांगितल्या. आधार मुख्यतः ओव्हिड आणि व्हर्जिल या रोमन कवींचा. म्हणून त्याच्याकडे झ्यूसचा ज्युपिटर आणि अथीनाची मिनर्व्हा होते. गोष्ट संपली की ती कोणत्या इंग्रजी कवीने कुठे वापरली, तेही तो दाखवतो. आपण विद्वानांसाठी लिहीत नाही, हे त्याने मोकळेपणाने मान्य केले होते. पुस्तक त्याने कवी लाँगफेलोला अर्पण केले. शेवटाकडे एका प्रकरणात आपले ब्रह्मा, विष्णू, महेश आणि दशावतारही येतात. ज्यांची पूजा कधीच थांबली, त्या ग्रीक देवांच्या पंगतीला, ज्यांची आरती माझ्या घरी रोज होते ते देव पाहून पहिल्यांदा मला थोडा रागच आला होता.

माझी खरी तक्रार मात्र वेगळी आहे, आणि ती मला माझ्या नातीमुळे कळली. ती नववीत आहे. गेल्या वर्षी तिला मी हे पुस्तक वाचायला दिले. मेडुसाची गोष्ट वाचून ती माझ्याकडे आली. बुलफिंच सांगतो की मेडुसा सुंदर होती, केसांचा तिला अभिमान होता, सौंदर्यात तिने मिनर्व्हाशी बरोबरी केली म्हणून देवीने तिच्या केसांचे साप केले. नातीचा प्रश्न असा, की एवढ्याशा गोष्टीला एवढी शिक्षा?

मी ओव्हिड काढला. तिथे हकिगत निराळी आहे. समुद्रदेव नेपच्यूनने मेडुसावर मिनर्व्हाच्या देवळातच बलात्कार केला. देवळाचा विटाळ झाला म्हणून देवी कोपली, आणि शिक्षा झाली मेडुसाला. ओव्हिड हाताशी असूनही बुलफिंचने हे गाळले. घरातल्या सर्वांना एकत्र बसून वाचता यावे, म्हणून अभिरुचीला आणि नीतीला बाधेल ते वगळायचे त्याचे धोरणच होते. हेतू चांगला, पण परिणाम असा झाला की नेपच्यूनचे नाव गेले आणि दोष मेडुसाच्या पदरात पडला.

बँकेत एखादी रक्कम कुठल्याच खात्यात बसेना की ती सस्पेन्स खात्यात टाकतात. तिचा निकाल केव्हातरी लावावाच लागतो. चेलिनीचा पर्सिअस मेडुसाचे छाटलेले डोके उंचावून फ्लॉरेन्सच्या चौकात १५५४ पासून उभा आहे. लुचियानो गार्बाती या शिल्पकाराने २००८ साली तोच प्रसंग उलटा केला. त्याची मेडुसा हातात पर्सिअसचे डोके घेऊन उभी आहे. २०२० साली तो पुतळा न्यूयॉर्कमध्ये फौजदारी न्यायालयासमोर उभारला गेला. जुनी नोंद अशी कुणीतरी पुन्हा उघडतोच.

म्हणून मी बुलफिंच टाकून द्यायचा का? मला तसे वाटत नाही. त्याने दार उघडले नसते तर ओव्हिडपर्यंत मी पोचलोच नसतो. मीही कादंबऱ्या लिहिताना घरच्यांना काय वाटेल या धाकाने कितीतरी गाळले आहे. त्याचा जाब कुणी विचारलाच, तर माझ्याकडे त्याच्याहून चांगले उत्तर नाही.

२७ मे १८६७ रोजी बुलफिंच वारला. त्याच्या मागे एडवर्ड एव्हरेट हेल या लेखकाने पुस्तकाची सुधारित आवृत्ती काढली. शार्लमेन आणि आर्थर राजाच्या कथांची त्याची पुस्तके पुढे याच्याशी एकत्र बांधली गेली आणि त्या जाड ग्रंथाला त्याचेच नाव मिळाले.

दिवाळीच्या सुटीत नातीला फ्लोरा फाउंटनला नेले. वर उभी असलेली कोण, ते सांगितले. या वेळी ओव्हिडची हकिगतही सांगितली. ती मुळात क्लोरिस नावाची वनदेवता होती, झेफिरने तिला बळजबरीने पळवले आणि मग फुलांचे राज्य देऊन भरपाई केली. ती बराच वेळ वर पाहत राहिली. परतताना तिने विचारले की त्या बुलफिंचला बँकेत बढती मिळाली होती का. मी म्हटले, नाही, तो शेवटपर्यंत कारकूनच राहिला.